गाडीचा अपघात झाल्यावर तब्येत कशी सांभाळायची: बेळगाव सीमाभागातल्या लोकांसाठी

अपघातानंतर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे “काही झालं नाही, थोडा मुका मार लागलाय.” बऱ्याचदा ते खरंही असतं. पण धक्क्याच्या वेळी अंगात जो जोर चढतो, त्याने दुखणं काही तास दबून राहतं. मानेचं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं, पोटातला रक्तस्राव काही तासांनी किंवा काही दिवसांनी कळतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात साचणारं रक्त तर दोन-तीन आठवड्यांनीही त्रास देऊ शकतं. त्यामुळे पहिल्या दिवशी बरं वाटतंय म्हणून विषय संपवू नका. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत, ज्या क्रमाने त्या तुमच्यासमोर येतील.

१. रस्त्यावर असताना

आधी स्वतः सुरक्षित व्हा. गाडीचे चारही इंडिकेटर लावा आणि रस्त्याच्या कडेला या. तवंदी घाट किंवा वंटमुरीच्या उतारावर थांबलेल्या गाडीला मागून दुसरी गाडी येऊन धडकण्याचा धोका पहिल्या अपघाताइतकाच मोठा असतो.

मग फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह कुठल्याही मदतीसाठी ११२, आणि पुणे-बंगळूर महामार्गासारख्या राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. कोगनोळीजवळ किंवा चोर्ल्याच्या बाजूला फोन कधी पलीकडच्या राज्याच्या टॉवरवरून लागतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, तालुका आणि जवळचं गाव सांगा: “कर्नाटक, निपाणी तालुका, कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडे, कोल्हापूरकडे जाणारी बाजू.” कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडाही वाचून दाखवा. जांबोटीच्या पुढे जंगलात रेंज मिळाली नाही तर जाणाऱ्या गाडीला थांबवा आणि रेंज येईल तिथून फोन करायला सांगा.

रुग्णवाहिका येईपर्यंत हे लक्षात ठेवा:

- गाडी पेटण्याचा किंवा पाण्यात जाण्याचा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका. काढावंच लागलं तर तीन-चार जणांनी डोकं, मान आणि पाठ एका सरळ रेषेत धरून उचलावं. हात-पाय धरून पोत्यासारखं उचलल्याने मणक्याला मोठी इजा होऊ शकते.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवा. आत घुसलेली काच किंवा पत्रा उपसू नका.
- बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल आणि उलटी होत असेल तर मान सरळ ठेवून त्याला कुशीवर वळवा.
- पाणी, चहा, साखर काहीही पाजू नका. ते घशात अडकतं, आणि ऑपरेशन लागलं तर भरल्या पोटी भूल देणं धोक्याचं होतं.

मदत करणाऱ्याच्या मागे पोलिसांचं लचांड लागेल ही भीती अजून गावोगावी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना जरूर सांगा.

२. कुठल्या दवाखान्यात जायचं

श्वास, शुद्ध किंवा रक्तस्राव यातलं काही बिघडलं असेल तर अंतर बघा, राज्याची हद्द बघू नका. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आहे, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. खानापूरकरांना बेळगाव जवळ. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स आणि नेहरूनगरचं केएलई, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय. डोक्याला मार असेल तर निघण्याआधीच फोन करून विचारा की सीटी स्कॅन आत्ता सुरू आहे का आणि न्यूरोसर्जन, म्हणजे मेंदूचं ऑपरेशन करणारे डॉक्टर, आहेत का. जिथे दोन्ही नाहीत तिथे नेऊन पुन्हा हलवण्यात मोलाचा वेळ जातो.

पैशांसाठी तीन गोष्टी माहीत असू द्या. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला, तो कुठल्याही राज्याचा असला तरी, नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. त्यासाठी पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते, म्हणून पोलिसांना कळवणं टाळू नका. दुसरी, बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तिसरी, सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतलेला आहे. ज्या रुग्णालयात दाखल होताय ते यातल्या कुठल्या योजनेत आहे, हे ॲडमिशनच्या काउंटरवरच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

३. डॉक्टरांना काय सांगायचं

इथे एक मोठी चूक होते. पोलिसांची भानगड नको म्हणून घरचे लोक “जिन्यावरून पडला” असं लिहून देतात. यात दोन्हीकडून नुकसान आहे. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या पोटाची सोनोग्राफी डॉक्टर कदाचित करणारही नाहीत. ताशी ८०च्या वेगाने धडकलेल्याची नक्की करतील. आणि पुढे भरपाई मागायची झाली तर पहिल्या कागदावरचा “जिना” आयुष्यभर आडवा येतो. अपघात आहे तर अपघातच सांगा, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद) होऊ द्या आणि तिचा नंबर लिहून घ्या.

एवढं न विचारता सांगा: गाडीचा अंदाजे वेग, धडक समोरून की बाजूने, गाडी उलटली का, एअरबॅग उघडली का, सीटबेल्टचा पट्टा लावला होता का, कुठे बसला होता, क्षणभर तरी शुद्ध गेली का, धडकेआधीचं आणि नंतरचं आठवतंय का. चालू गोळ्यांमध्ये रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आवर्जून सांगा. वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, इकोस्प्रिन यापैकी काही चालू असेल तर डोक्याच्या साध्या मारातही सीटी स्कॅनचा विचार लवकर होतो.

बाई गरोदर असेल तर मार कितीही किरकोळ दिसला तरी तिला दाखवायलाच हवं. बाळाच्या ठोक्यांवर निदान चार तास लक्ष ठेवतात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्यावं लागतं. गटाचा कागद बरोबर न्या.

जखम उघडी असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. माती-शेण लागलेल्या जखमेला, आधीच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घेतात. स्वच्छ, छोट्या जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची.

समोर कन्नड बोलणारी सिस्टर असेल आणि तुम्हाला भाषा येत नसेल तर ही चार वाक्यं पाठ ठेवा: “इल्ली नोवैती” (इथे दुखतंय), “तलिगी पेट्ट बिद्दैती” (डोक्याला मार लागलाय), “वांती आगेती” (उलटी झाली) आणि कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी “ओदी हेळ्री” (वाचून सांगा). बेळगाव शहरात मराठीवर बहुधा निभावतं, पण रात्री दोन वाजता कोण ड्यूटीवर असेल ते आपल्या हातात नसतं.

४. घरी आल्यावर डोक्याकडे लक्ष

सीटी स्कॅन नॉर्मल आला किंवा लागलाच नाही, म्हणून घरी पाठवलं. आता निदान ४८ तास एका मोठ्या माणसाने सोबत राहायचं.

पहिल्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दर दोन-तीन तासांनी उठवा. नुसतं “हूं” म्हटलं तर ते उत्तर धरू नका. नाव, गाव, आज वार कोणता, जेवायला काय होतं, हे विचारा. मग डोळे बघा: खोलीतला दिवा मंद करा, मोबाइलची बॅटरी कानाच्या बाजूने हळूच डोळ्यासमोर आणा. दोन्ही बाहुल्या सारख्याच लहान व्हायला हव्यात. एक मोठीच राहिली तर थांबू नका. (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्याची बाहुली आधीपासूनच वेगळी असू शकते, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.)

यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच परत दवाखाना:

- पुन्हा पुन्हा उलट्या
- गोळी घेऊनही वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी, उठवायला जड जाणं, असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं
- झटका येणं
- एका बाजूच्या हाता-पायाची ताकद कमी होणं, बोबडी वळणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येणं

साठीच्या पुढच्या माणसाला आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला हा नियम ४८ तासांनी संपत नाही. महिनाभर लक्ष ठेवा. आजोबा अचानक विसरायला लागले, चालताना एका बाजूला झुकायला लागले, तर “वय झालं” म्हणून सोडू नका. डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं आणि ते काढता येतं.

धक्क्यानंतर डोकं जड वाटणं, उजेड-आवाज सहन न होणं, लक्ष न लागणं हे साधारण दोन-तीन आठवडे राहू शकतं. पहिले एक-दोन दिवस मोबाइल-टीव्ही बाजूला ठेवा, मग हळूहळू रोजची कामं वाढवा. मुलांना लगेच क्रिकेटला पाठवू नका. पहिला धक्का भरून यायच्या आत डोक्याला दुसरा बसला तर तो फार वाईट ठरू शकतो.

५. पट्ट्याचा वळ, पोट आणि छाती

अंघोळीच्या वेळी आरशात बघा. खांद्यावरून छातीवर आणि ओटीपोटावर आडवा असा लालसर-जांभळा वळ दिसेल. खांद्यावरचा वळ म्हणजे पट्ट्याने आपलं काम केलं. पण पोटावर, बेंबीच्या आसपास आडवा वळ असेल तर आतड्याला किंवा मणक्याला मार असण्याची शक्यता वाढते, आणि फाटलेल्या आतड्याचं दुखणं कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. असा वळ डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, त्याचा फोटो काढून ठेवा.

पोट फुगणं, दगडासारखं कडक होणं, लघवीत रक्त, उभं राहिल्यावर भोवळ, थंड घाम, यापैकी काहीही दिसलं की निघा. डाव्या खांद्याला मार नसताना तिथे दुखायला लागलं तर तो प्लीहेचा, म्हणजे पोटात डाव्या बरगड्यांखाली असलेल्या अवयवाचा, रक्तस्राव असू शकतो. लोक याला गॅस समजून सोडा पितात आणि वेळ घालवतात.

बरगडीला तडा गेला असेल तर छाती पट्ट्याने आवळून बांधू नका. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, कफ साचतो आणि पाचव्या-सहाव्या दिवशी न्यूमोनिया होतो. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घ्या. खोकताना उशी छातीला दाबून धरा. दुखणं साधारण सहा आठवडे राहतं.

६. मान आणि पाठ

मागून धडक बसली की मान पुढे-मागे झटकली जाते. दुखणं आणि ताठरपणा २४ ते ४८ तासांत वाढतो. तो वाढला म्हणून घाबरू नका. हाडाला इजा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर कॉलर आठवडेच्या आठवडे घालून बसू नका. मान जितकी स्थिर तितके स्नायू ढिले पडतात. दिवसातून चार-पाच वेळा, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली हळू वळवा.

हाता-पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, हातातून वस्तू सुटणं, मणक्याच्या मधोमध बोट लावल्यावर कळ, लघवी-शौचावरचा ताबा जाणं ही लक्षणं वेगळी. इथे व्यायाम नाही; सरळ झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

७. शेक, मालीश, गोळ्या आणि हाडवैद्य

पहिले ४८ तास बर्फ: कापडात गुंडाळून १५ मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. गरम शेक त्यानंतर. सूज असताना गरम पाण्याची पिशवी आणि जोरकस तेलमालीश केली की आतला रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात. घरातली मोठी माणसं मायेने तेल गरम करून आणतात. त्यांना दोन दिवस थांबा म्हणून सांगा.

दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत निदान सहा तास, आणि दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. मेडिकलमध्ये “अंगदुखीची द्या” म्हटलं की बहुधा ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी मिळते. ती घेऊन वर तापाची पॅरासिटामॉल घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट होऊन यकृतावर ताण येतो. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. डोक्याला मार असेल तर पहिले दोन दिवस ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. किडनीचा त्रास किंवा अल्सर असेल तर कधीच परस्पर घेऊ नका. दारू आणि झोपेची गोळी डोक्याच्या मारात गुंगी लपवतात, म्हणून दोन्ही बंद.

हाडवैद्याकडे जाण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि लोकांचा विश्वासही आहे. तरी एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाही हाड ओढू-बसवू देऊ नका. बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलेल्या हाताला रक्त कमी पडलं तर काही तासांत स्नायू मरायला लागतात, आणि उशीर झाला तर हात काढावा लागतो. उघड्या जखमेवर हळद, चुना, तंबाखू, पाल्याचा लेप काही नको. वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, एवढंच.

८. प्लास्टर घातलं असेल तर

पहिले तीन दिवस हात-पाय छातीपेक्षा उंच ठेवा. पायाखाली दोन उशा घ्या. बोटं सतत हलवत राहा. दर चार तासांनी एक तपासणी करा: नखावर दाबा, ते पांढरं होईल, सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी-थंड पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही कळ वाढत गेली तर रात्रच का असेना, प्लास्टर सैल करून घ्यायला जा. “सकाळी बघू” इथे चालत नाही.

आत खाज सुटली म्हणून विणकामाची सुई किंवा पट्टी घालू नका. आतली जखम दिसत नाही आणि पिकते. पोटरी एका बाजूची सुजली, गरम झाली, किंवा अचानक धाप लागली तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळू नका, तातडीने दाखवा.

९. खाणं आणि तंबाखू

भात खाल्ल्याने पू होतो, ही समजूत खरी नाही. मधुमेह नसेल तर भात बंद करायचं कारण नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात: रोज दोन अंडी किंवा दोन वाट्या दाट वरण-उसळ, दूध-दही, शेंगदाण्याची चटणी, नाचणीची भाकरी. मधुमेह असेल तर साखर आठवड्यातून निदान दोनदा तपासा. ताणामुळे ती वाढते आणि वाढलेल्या साखरेत टाके उसवतात, पिकतात.

निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो. हाताचं हाड साधारण सहा आठवड्यांत, मांडी-नडगीचं तीन ते सहा महिन्यांत जुळतं. तंबाखू आणि बिडी चालू ठेवली तर ही मुदत लांबते आणि कधी हाड जुळतच नाही. निदान तेवढे महिने सोडा.

१०. झोप उडाली असेल तर

ब्रेकचा आवाज आला की दचकणं, रात्री तीच धडक पुन्हा दिसणं, गाडीत बसायची भीती हे पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना होतं. याला भित्रेपणा म्हणू नका, आणि घरच्यांनीही म्हणू नये. महिना उलटूनही कमी झालं नाही तर मदत घ्या. टेलिमानस १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे.

११. कागद

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो:

- एमएलसी नंबर आणि जखमेचा दाखला, म्हणजे वुंड सर्टिफिकेट
- एफआयआरची प्रत (ती कन्नडमध्ये असते, मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून घ्या)
- डिस्चार्ज कार्ड, सगळ्या चिठ्ठ्या, एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म, रिपोर्टसह
- औषधांची छापील बिलं, रुग्णवाहिका आणि प्रवासाच्या पावत्या
- आधार, रेशनकार्ड, गाडीचं आरसी, लायसन्स, विमा पॉलिसी
- कामावर गैरहजर राहिल्याचा दाखला

अपघात एका राज्यात आणि ठाणं दुसऱ्या राज्यात असेल तरी झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. भरपाईचा दावा अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात टाकता येतो, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात धडक बसलेल्या निपाणीकराला तारखांसाठी कोल्हापूरला जावंच असं नाही. कायद्यातली मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे. प्लास्टर निघायची वाट बघत बसू नका. गाडीच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं मालक-चालक संरक्षण दवाखान्याचं बिल भरत नाही, ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं; बिलासाठी वेगळा आरोग्य विमा किंवा वरच्या योजना.

आणि दवाखान्यातून स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याचा कागद सही करायला आला, तर तो पूर्ण वाचा. पैशांमुळे हलवायचं असेल तर “सिव्हिलला रेफर करा” म्हणा. रेफर चिठ्ठी असली की पुढच्या डॉक्टरला सगळं कळतं.

१२. पुन्हा स्टिअरिंगवर

मान दोन्ही खांद्यांकडे न दुखता वळायला हवी. उभ्या गाडीत बसून ब्रेक एकदम, पूर्ण जोराने दाबून बघा. पाय किंवा बरगडी कळवळली तर अजून वेळ आहे. हातात प्लास्टर असताना किंवा गुंगी आणणारी गोळी घेत असताना चालवू नका. पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा दिवसाउजेडी, गावातल्या रस्त्यावर, कुणाला तरी शेजारी बसवून.

गाडी गॅरेजमधून आणताना मेकॅनिकला सीटबेल्टचं विचारा. मोठ्या धडकेत ताण बसलेला पट्टा आतून ढिला झालेला असतो, बाहेरून नवा दिसला तरी. तो आणि मुलाची सीट, दोन्ही बदलून घ्या.